कानातला रेफ: ट्विकेनहॅमला मिळणाऱ्या त्या छोट्या रेडिओचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू इंग्लंडच्या रग्बी टीमचा नाहीये, रेडिओचा आहे. पण टीमबद्दल बोलल्याशिवाय रेडिओबद्दल बोलता येणार नाही, कारण तो मी घेतलाच मुळात भांडण जिंकायला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रग्बीत रेफरीच्या अंगावर माइक असतो आणि तो प्लेयरशी काय बोलतो, वर बसून रिप्ले बघणाऱ्या टीएमओशी काय बोलतो ते सगळं टीव्हीवर ऐकू येतं. ट्विकेनहॅमला, म्हणजे इंग्लंडच्या लंडनमधल्या घरच्या ग्राउंडवर मात्र आपण ८२ हजार लोकांच्यात बसलेले, शिट्टी वाजली की एकमेकांची तोंडं बघायची, काय झालं, पेनल्टी कोणाला, का. त्यासाठी हा काडेपेटीएवढा रेडिओ मिळतो, एक वायर, एकाच कानात घालायचं बोंडूक, बाजूला आवाज कमीजास्त करायचं चाक, बस. चॅनेल लावायची भानगड नाही, चालू केला की डायरेक्ट रेफ. किंमत म्हणाल तर आत दोन पाइंट बिअर घ्यायला जेवढे जातात साधारण तेवढे, आणि एकदा घेतला की पुढच्या मॅचला परत चालतो. क्रिकेटवाल्यांना सांगायचं तर स्टंप माइक समजा, फक्त पंतच्या बडबडीऐवजी एक शांत माणूस ऐंशी मिनिटं लोकांना हात काढ, मागे हो, सोड सोड असं सांगतोय.

आता भांडण काय ते. आमचे दाजी गेली वीसेक वर्षं इकडे आहेत, रग्बीचं वेड त्यांनीच मला लावलं, आणि त्यांचं एकच पालुपद, हा बोर्थविक (इंग्लंडचा कोच) टीमला खेळूच देत नाही. बॉल हातात आला की हाणला वर. "अरे पन्नास मीटर धावू शकणारी पोरं आहेत, आणि हा त्यांना आकाशात बघत उभं करतो," इति दाजी. दुसरीकडे माझा ऑफिसातला एक मित्र, पक्का लेस्टर क्लबचा. बोर्थविकने लेस्टरला २०२२ मध्ये लीग जिंकून दिली तेव्हापासून त्याच्यासाठी तो माणूस देव. त्याचं म्हणणं, किक मारणं म्हणजे भित्रेपणा नाही, डोकं आहे. आणि आमच्या मागच्या रांगेत दर वेळी भेटणारे एक काका, हार्लेक्विन्स क्लबवाले, ज्यांचं ग्राउंड ट्विकेनहॅमच्या समोरच रस्त्यापलीकडे आहे, त्यांना बाकी काही देणंघेणं नाही, मार्कस स्मिथ टीममध्ये आहे का आणि दहा नंबरला (म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या जागी) आहे का एवढंच. या तिघांच्या मधे मी. माझं स्वतःचं मत असं की मला काहीच धड कळत नव्हतं, आणि जो शेवटी बोलेल त्याचं पटत होतं.

रेडिओ पहिल्यांदा घेतला २ नोव्हेंबर २०२४ ला, न्यूझीलंडच्या मॅचला. आणि पहिलाच अनुभव वाईट. म्हणजे रेडिओचा नाही, मॅचचा. मार्कसने इंग्लंडच्या २२ पैकी १७ पॉइंट मारले होते, आपण पुढे होतो, आणि तासाभराने त्याला बाहेर काढून जॉर्ज फोर्डला आत पाठवला, जो बिचारा दुखापतीतून नुकता आलेला, धड खेळलेलाही नव्हता. मागचे काका तिथेच उठून उभे राहिले. न्यूझीलंडने शेवटच्या पाच मिनिटांत ट्राय टाकून (बॉल समोरच्याच्या लाइनपलीकडे टेकवला की ट्राय, पाच पॉइंट) २४-२२ केलं, मग इंग्लंडला पेनल्टी मिळाली, फोर्डने मारली, गोलच्या पोलला लागून परत आली, आणि एकदम शेवटी ड्रॉप गोल (बॉल जमिनीवर टाकून उसळताच मारायची किक, आत गेली की तीन पॉइंट) मारला तोही बाहेर. दोन्हीतली एक जरी गेली असती तरी मॅच आपली होती.

गंमत बघा, या सगळ्यात रेडिओने मला काय दिलं? काहीच नाही. किक पोलला लागली तेव्हा रेफ काही बोलत नाही ना, तो काय बोलणार. कानात शांतता आणि दुसऱ्या कानात काकांच्या शिव्या. घरी जाताना दाजी म्हणाले फुकट गेले की रे तुझे पैसे, आणि मला पण तसंच वाटलं. तीन स्टार द्यायचे असंच ठरवलं होतं तेव्हा.

पण रेडिओचा खरा उपयोग किक चुकते तेव्हा नाही, किकच्या आधी काय होतं तिथे आहे. हे कळायला मला दुसरी मॅच लागली.

२२ फेब्रुवारी २०२५, स्कॉटलंड. ही कलकत्ता कपची मॅच, आणि हे मी दर वेळी नवीन माणसाला सांगतो म्हणून इथेही सांगतो, हा कप खरंच आपल्या कलकत्त्याचा आहे, तिथला इंग्रजांचा क्लब बंद पडला तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये काढून ते वितळवून १८७८ मध्ये बनवलेला, नाग आहेत त्याच्या कड्यांना आणि वर हत्ती. इंग्लंड-स्कॉटलंड जीव तोडून खेळतात कशासाठी तर आपल्या रुपयांसाठी. असो.

त्या मॅचला इंग्लंड एवढ्या किका मारत होतं की आमच्या स्टँडमध्ये लोक चक्क हुर्यो उडवायला लागले. स्वतःच्याच टीमची. दाजी सगळ्यात पुढे. आणि मी कानात बोंडूक घालून बसलेलो, म्हणून मला जे ऐकू येत होतं ते त्यांना येत नव्हतं. इंग्लंडचा माणूस स्वतःच्या हाफमध्ये बॉल घेऊन पडला की लगेच रेफचा आवाज सुरू. रिलीज. व्हाइट (म्हणजे इंग्लंड), रिलीज. रोल अवे. हात नको. प्रत्येक रकला (पडलेल्या माणसाच्या बॉलवर दोन्ही टीमची रेटारेटी) दोन-तीन सूचना, आणि त्या सूचना म्हणजे शिट्टी तोंडाजवळ आलीये असं समजायचं. दोन रक झाले, तीन झाले, चौथ्याला कोणीतरी एक सेकंद उशीर केला की पेनल्टी, आणि स्वतःच्या हाफमध्ये पेनल्टी म्हणजे समोरच्याचे तीन पॉइंट किंवा आपल्या कोपऱ्यात लाइनआउट (बाहेर गेलेला बॉल आत फेकून परत सुरुवात). वरून बघताना वाटतं बॉल आपल्याकडे आहे म्हणजे आपण सेफ. कानातून ऐकताना वाटतं बॉल आपल्याकडे आहे म्हणजे आपणच टांगणीला.

मग येतो "यूज इट". बॉल रकच्या मागे आला की रेफ हे ओरडतो आणि तिथून पाच सेकंद. मिचेल नाहीतर जो कोण नऊ नंबर (रकमागून बॉल काढणारा) असेल तो तिथे वाकून उभा, त्याचे फॉरवर्ड एकामागे एक चिकटून रकची आगगाडी करतात म्हणजे समोरचा किक अडवायला लांबून येईल, आणि पाच संपायच्या आत बॉल वर. बॉक्स किक. मी मनातल्या मनात मोजायला लागलो, एक, दोन, तीन, गेला. पहिल्यांदा मला कळलं की हे "बॉल फेकून देणं" नाहीये. ती किक लांब जावी म्हणून मारतच नाहीत, ती उंच जावी आणि वेळ मिळावा म्हणून मारतात, म्हणजे बॉल खाली येताना आपला विंगर (कडेने पळणारा) पण तिथे पोचलेला असतो. मिळाला तर वीस-पंचवीस मीटर पुढे आणि समोरची डिफेन्स उलटी तोंड करून, नाही मिळाला तर निदान त्यांचा माणूस त्यांच्याच हाफमध्ये दबलेला, आणि आता रिलीज रिलीज ते ऐकणार. लॉर्ड्सला ढगाळ सकाळी ओपनर बाहेरचे बॉल सोडत बसतो तसं आहे हे. बघायला बोर, पण आउट होण्यापेक्षा बरं.

दाजींना हे मध्यंतरात सांगितलं तर म्हणाले, "सोडायला पण बॉल चांगला सोडावा लागतो, हे तर सोडताना पण बोल्ड होतायत." आता याला काय उत्तर द्यायचं.

त्या मॅचचा निकाल तर अजून मजेशीर. स्कॉटलंडचे तीन ट्राय, इंग्लंडचा एक. आणि जिंकलं कोण, इंग्लंड, १६-१५. कारण स्कॉटलंडच्या फिन रसेलची तिन्ही कन्व्हर्जन (ट्रायनंतरची दोन पॉइंटची किक) बाहेर गेली, शेवटचं तर एकदम शेवटच्या मिनिटाला, ते आत गेलं असतं तर स्कॉटलंड जिंकलं असतं. म्हणजे तीन ट्रायचे पंधरा, त्यात किकचा शून्य. लेस्टरवाल्या मित्राने हा स्कोअर मला त्या आठवड्यात रोज एकदा मेसेज केला, खाली काही न लिहिता.

(मधेच एक सांगायचं राहिलं, तेव्हा दहा नंबरला फिन स्मिथ आणि फुलबॅकला मार्कस स्मिथ अशी जोडी लावली होती, नावं सारखी पण नात्यातले नाहीत, माझ्या शेजारच्या बाईंनी मला दोनदा विचारलं भाऊ आहेत का. काकांचं म्हणणं मार्कसला मागे उभं करणं म्हणजे घोडा टांग्याच्या मागे बांधणं. हे मात्र मला पटतं अजून. फुलबॅकला मोकळी जागा जास्त मिळते वगैरे थिअरी ठीक आहे, पण तो पोरगा बॉल पहिला हातात घेतो तेव्हाच काहीतरी करतो.)

आता रेडिओचे दोष, कारण नुसतं कौतुक करायला मी काय विकणाऱ्याचा नातेवाईक नाही.

एक म्हणजे कानातलं बोंडूक. थंडीत ते रबर कडक होतं आणि टोपी घातली की सारखं निसटतं, टोपी काढली की कान गार. दुसरं, आवाज. गर्दी शांत असेल तर ठणठणीत ऐकू येतं, पण जेव्हा खरी गरज असते, म्हणजे लाइनजवळ काहीतरी राडा झालाय आणि सगळे ओरडतायत, तेव्हा चाक पूर्ण फिरवलं तरी ऐकू येत नाही. मग दुसरा कान बोटाने बंद करून बसायचं, शेजारच्याला वाटतं याला काही होतंय का. तिसरं, आणि हे सगळ्यात चीड आणणारं, माझे सेल त्या स्कॉटलंडच्या मॅचमध्येच साठाव्या मिनिटाला गेले. मॅच १६-१५ ला संपली आणि शेवटची वीस मिनिटं मी मुका रेडिओ कानात घालून बसलेलो. जिथून घेतला त्या स्टॉलवर विचारलं तर पोरगा म्हणाला सेल आमच्याकडे नसतात, नवीन सेट घ्या. नवीन सेट घ्या! रेडिओ विकतो आणि सेल ठेवत नाही. वर म्हणतो घेताना चेक करायला पाहिजे होतं. कशाने चेक करू, आत शिरायच्या आधी रेफ बोलतच नसतो तर.

चौथा दोष लोकांना दोष वाटणार नाही कदाचित. एक कान गेला की निम्मी गर्दी जाते. तुम्ही मित्रांबरोबर गेला असाल तर ते काहीतरी म्हणतात, हसतात, तुम्ही "काय? काय?" करत राहता. रग्बीला जायचं निम्मं सुख शेजारच्यांशी वाद घालण्यात आहे, ते कमी होतं. मी आता लाइनआउटला आणि किकऑफला बोंडूक काढून ठेवतो, रक सुरू झाले की परत घालतो. हळूहळू जमतं.

फायद्यात एक गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती ती म्हणजे एस्कॉर्टची. पूर्वी किक वर गेली की पकडणाऱ्या टीमचे दोन-तीन जण मागे पळताना "चुकून" धावत येणाऱ्याच्या वाटेत यायचे, भिंत उभी करायची आणि आपला कॅचर निवांत झेल घ्यायचा. २०२४ च्या शरद ऋतूतल्या मॅचेसपासून रेफ लोकांनी हे कडक केलं, धावत येणाऱ्याला वाट मोकळी पाहिजे. टीव्हीवर बघताना हे मला कधी कळलं नव्हतं, पण रेडिओवर रेफ आधीच ओरडतो, वाट सोड, आडवा येऊ नको. आणि मग कॅचर एकटा पडतो, बॉल सुटतो, लोळतो, आणि जो पहिला पोचेल त्याचा. म्हणजे उंच किक आता आधीपेक्षा जास्त फायद्याची झाली. हे डोक्यात शिरलं की सिलेक्शन पण एकदम वेगळं दिसायला लागतं. दाजी वैतागायचे की विंगला रोबक कशाला, स्टीवर्डला परत का आणला, यांच्यापेक्षा वेगवान पोरं आहेत. अहो दाजी, ही पोरं हवेत बॉल जिंकतात म्हणून आहेत. नियमाची अंमलबजावणी बदलली म्हणून विंगरचं काम बदललं, आणि काम बदललं म्हणून माणूस बदलला. कोचला शिव्या द्यायच्या तर द्या, पण निदान बरोबर कारणासाठी द्या.

आता तिसरी मॅच, ज्याने माझे स्टार वाढवले. १५ नोव्हेंबर २०२५, परत न्यूझीलंड, परत तेच ग्राउंड. यावेळी मी चार सेल खिशात घेऊन गेलेलो. न्यूझीलंड सुरुवातीलाच १२-० ने पुढे. दाजी गप्प, म्हणजे वादळापूर्वीची शांतता. मग लॉरेन्सने एक ट्राय काढला, १२-५. आणि हाफटाइम जवळ आलेला, इंग्लंड न्यूझीलंडच्या बावीस मीटरच्या लाइनच्या आसपास, सगळं स्टँड ओरडतंय पळा, पास करा, कोपऱ्यात जा, आणि फोर्ड मागे सरकला आणि ड्रॉप गोल. तीन. दोन-तीन मिनिटांत परत तेच, परत ड्रॉप गोल. परत तीन. १२-११.

वर्षभरापूर्वी याच माणसाचा ड्रॉप गोल इथेच बाहेर गेला म्हणून काका त्याला काय काय बोलले होते ते मी लिहू शकत नाही. आता तेच काका टाळ्या वाजवत होते, जरा चिडूनच, पण वाजवत होते. हाफटाइमला त्यांनी पुढे वाकून विचारलं, ते कानात काय घालतोस दर वेळी. मी काढून दिला. म्हटलं घ्या, रकमध्ये काय चालतं ते ऐका. त्यांनी तो घातला आणि मग पंचाहत्तराव्या मिनिटापर्यंत परत दिलाच नाही.

त्यामुळे दुसऱ्या हाफचा रिव्ह्यू मी रेडिओशिवाय देतोय. अंडरहिलचा ट्राय, डिंगवॉलचा ट्राय, फोर्डची पेनल्टी, मग बेंचवरून ती सगळी ताजी दमाची मंडळी, कर्री, जेंज, पोलॉक. हे बेंचचं डोकं मला आधी कळत नव्हतं, एवढे तगडे प्लेयर बाहेर बसवून सुरुवात का करायची. साउथ आफ्रिकेने ही सवय लावली सगळ्यांना, सहा फॉरवर्ड बेंचवर, कधी सात पण. समोरचे दमले की आपले नवे. न्यूझीलंडला शेवटच्या वीस मिनिटांत ते झेपलं नाही, रोबकने शेवटी ट्राय टाकला आणि ३३-१९. ट्विकेनहॅमला न्यूझीलंडला हरवायला इंग्लंडला २०१२ नंतर आत्ता जमलं. रोबक, तोच हवेतला.

दाजींना विचारलं आता काय म्हणता. म्हणाले जिंकले ना, मग काय म्हणायचंय. आणि मग स्टेशनच्या रांगेत उभं असताना (ही रांग म्हणजे स्वतंत्र रिव्ह्यूचा विषय आहे) हळूच म्हणाले, "पण मार्कसला अजून वीस मिनिटं द्यायला पाहिजे होती." म्हणजे काका निघून गेले तर त्यांचं भूत दाजींच्या अंगात शिरलेलं. आणि लेस्टरवाला मित्र फोनवर सांगत होता की हे सगळं बोर्थविकने २०२३ च्या वर्ल्ड कपपासून ठरवलेलं आहे, तेव्हाच्या सेमीफायनलला पावसात साउथ आफ्रिकेला किका मारून मारून जेरीला आणलं होतं, एका पॉइंटने हरलो, १६-१५. इंग्लंडचे सगळे पंधरा पॉइंट कॅप्टन फॅरेलच्या बुटातून, हे पण सांगितलं त्याने. मी म्हणलं अरे पण हरलोच ना. तर म्हणे एका पॉइंटने. आता यांच्याशी कोण वाद घालणार.

माझं मत कुठे पोचलं ते सांगतो. किक मारणं चूक नाही हे मला पटलं, रेडिओमुळे पटलं. पण वर गेलेल्या बॉलमागे धावणारी लाइन सरळ नसेल तर तीच किक म्हणजे न्यूझीलंडला आमंत्रण, आणि स्कॉटलंडच्या मॅचला निम्म्या किका तशाच होत्या, हे दाजींचं बरोबर होतं. कोचने सांगितलेली किक आणि पाच सेकंद संपत आले म्हणून घाबरून मारलेली किक वरून सारखीच दिसतात. रेडिओ असेल तर दुसरी ओळखू येते, कारण "यूज इट" नंतर नऊ नंबर किती वेळ घुटमळला ते मोजता येतं. हा एवढा फरक कळण्यासाठी दोन पाइंटचे पैसे जास्त नाहीत.

कोणी घ्यावा: ज्याला मॅच कळायला लागलीये पण शिट्ट्या कळत नाहीत त्याने नक्की घ्यावा. पहिल्यांदाच जाणाऱ्याने नको, आधी दोन्ही कानांनी ग्राउंड ऐका. लहान मुलांना देऊ नका, ते वायर ओढतात, आणि रेफ कधी कधी कॅप्टनला काय बोलतो ते मुलं घरी जाऊन बोलतात.

चार स्टार. पाचवा सेलसाठी कापला. आणि हो, काकांनी रेडिओ परत देताना मी विचारलं कसा वाटला. म्हणाले, आता कळलं ते एवढ्या किका का मारतात. मग जरा थांबून म्हणाले, आवडत अजून नाहीत. पुढच्या मॅचला स्वतःचा आणणार आहेत म्हणे, त्यांना सेल घरूनच न्यायला सांगितलंय.